खुंटीवरचा कोट

सकाळपासून डोकं फिरलंय. फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ आलाय. गॅदरिंगच्या स्टेजवर पाच-सहा वर्षांचं पोर, मिलिटरीचे कपडे, प्लॅस्टिकची बंदूक, 'एकेकाला उडवीन' म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडतंय. खाली धडाधड अंगठे. 'वाघ आहे वाघ!' कसला वाघ, दुधाचे दात पडायचेत त्याचे!

मला रशियन दिग्दर्शक तार्कोव्हस्कीचा 'इवान्स चाइल्डहुड' हा सिनेमा आठवला. १९६२ चा. आधीच्या दिग्दर्शकाचं काम पसंत पडलं नाही म्हणून ह्याच्या गळ्यात पडलेला सिनेमा, आणि पठ्ठ्यानं व्हेनिस फेस्टिव्हलचा सर्वोच्च पुरस्कार, गोल्डन लायन आणला. बारा वर्षांचा इवान. आई दुसऱ्या महायुद्धात मारली गेलेली. नदी ओलांडून जर्मनांच्या हद्दीत हेरगिरी करतो. भिजून, कुडकुडत परत आला की खिशातल्या बिया, काड्या टेबलावर मांडून शत्रूच्या फौजेचा हिशेब लिहितो. ज्या वयात आपण चिंचोके मोजायचो.

दिवाळीत बाबांबरोबर बघितला. बाबा ७१ ला सीमेवर होते. घरात त्यावर कधी चकार शब्द नाही. असला संथ, ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा, दहा मिनिटांत घोरतील असं वाटलेलं.

नाही घोरले. इवान अंधारात एकटाच लढाई-लढाई खेळतो, तो सीन आला. भिंतीवर कैद्यांनी कोरलंय: आम्ही आठ जण, कुणीही एकोणिसाच्या वर नाही, आमचा सूड घ्या. पोरगा सुरी घेऊन टांगलेल्या कोटावर धावून जातो, त्यालाच जर्मन समजून दरडावतो आणि दरडावता दरडावता हमसून रडायला लागतो.

"बंद कर," बाबा म्हणाले. मी हात पुढे केला, तर, "राहू दे."

हो, मान्य. मीही लहानपणी बाबांची टोपी घालून गल्लीभर परेड केलीय. आणि इवानवर युद्ध लादलेलंच होतं, त्याचा राग खराच होता. पण टाळ्या? टाळ्या कशाला वाजवता रे?

त्या पोराची स्वप्नं बघा एकदा. पावसात सफरचंदांनी भरलेला ट्रक, मागची झाडं निगेटिव्हसारखी पांढरी, सफरचंदं वाळूवर सांडतात आणि घोडे शांतपणे खात बसतात. तिथे बाबा पहिल्यांदा हसले. "घोडी बघ कशी खातायत."

आमच्याकडे बाबांचा फौजी कोट वर्षानुवर्षं दाराआडच्या खुंटीला असायचा. दुसऱ्या दिवशी खुंटी रिकामी होती. कोट ट्रंकेत, तळाशी. मी विचारलं नाही.

व्हिडिओतलं पोर गोड आहे हो. त्याच्यावर राग नाहीच. बाबा त्या ग्रुपवर नाहीत, ते एक बरं आहे.