रीमा लागूंना 'सलमानची आई' म्हणून संपवू नका

१८ मे, रीमा लागूंचा स्मृतिदिन, जवळ आला की एक मजकूर फिरायला लागतो. साडीतला हसरा फोटो आणि खाली चार-पाच ओळी. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच असतो: 'हिंदी सिनेमाची लाडकी आई. सलमानची पडद्यावरची आई. वय झाल्यावर सिनेमात आल्या आणि आईच्याच भूमिका मिळत गेल्या. आयुष्यभर एकच सोज्वळ भूमिका केली, पण मनापासून केली. मराठीने ओळखलं नाही, हिंदीने मोठं केलं. डॉ. श्रीराम लागूंची गुणी कन्या.' शेवटी हात जोडलेले.

हा मजकूर कुणी वाईट हेतूने लिहिलेला नाही. प्रेमानेच लिहिला आहे. म्हणून तो जास्त पसरतो आणि त्यामुळेच मला त्याचा जास्त त्रास होतो. यंदा तो आमच्या घरच्या ग्रुपवर मावशीने टाकला. तिने तरुणपणी रीमाताईंची निम्मी नाटकं पाहिली आहेत. तिलाही तो खटकला नाही, तेव्हा वाटलं की आता लिहायलाच हवं.

सोपं आधी उरकते. रीमाताई श्रीराम लागूंची मुलगी नव्हत्या. जन्म २१ जून १९५८, माहेरचं नाव नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे स्वतः रंगभूमीवरच्या, 'लेकुरे उदंड जाहली'मुळे लोकांना ठाऊक असलेल्या अभिनेत्री. नयन पुण्याच्या हुजूरपागेत शिकली. 'लागू' हे आडनाव आलं विवेक लागूंशी लग्न झाल्यावर. डॉक्टरांशी पडद्यावरचं नातं मात्र एक होतं. १९७९च्या 'सिंहासन'मध्ये डॉ. लागू विश्वासराव दाभाडेंच्या भूमिकेत होते आणि रीमाताई त्यांच्या सून. कन्या म्हणणाऱ्यांनी तो सिनेमा पुन्हा एकदा पाहावा. त्या घरातलं सासरा-सुनेचं नातं आणि त्यातली ती सून पाहिली की 'एकच सोज्वळ भूमिका' हे शब्द पुन्हा लिहिताना हात थांबेल. सिनेमातली त्यांची सुरुवातच तिथून आहे.

आता 'वय झाल्यावर'. हा तर सरळ हिशेब आहे. 'कयामत से कयामत तक' १९८८च्या एप्रिलमध्ये आला, जुही चावलाच्या आईची भूमिका. रीमाताईंचं वय तेव्हा २९. 'मैंने प्यार किया' १९८९च्या डिसेंबरचा. वय ३१, आणि ज्याची आई झाल्या तो मुलगा २४ वर्षांचा. अंतर साडेसात वर्षांचं, म्हणजे घरात थोरल्या बहिणीचं असतं तेवढं. 'गुमराह'मध्ये त्या श्रीदेवीच्या आई होत्या. श्रीदेवी त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान. आणि 'वास्तव'मधला संजय दत्त? त्यांच्याहून जेमतेम तेरा महिन्यांनी धाकटा.

तिशीतल्या बाईने जवळपास आपल्या वयाच्या माणसाची आई दिसायचं, आणि ते इतकं खरं दिसायचं की तीस-पस्तीस वर्षांनी लोकांनी तिला 'वय झालेली' समजावं! यात वयाचा काहीच भाग नाही, सगळा भाग कसबाचा आहे. केसांत पांढरी बट लावून कुणी आई होत नाही. 'मैंने प्यार किया'मध्ये तर ती बटसुद्धा फारशी नाही. मुलाकडे बघताना मान किंचित कलते, आवाज एक पट्टी खाली येतो, नवऱ्याशी बोलताना तोच आवाज पुन्हा बाईचा होतो. बाकी सगळं आपण प्रेक्षक भरून घेतो. त्याआधीची हिंदी सिनेमातली आई खोकत, शिवणयंत्र चालवत, देवापुढे घंटा बडवत असायची. ही आई नीटनेटकी, हसरी होती, मुलाची मैत्रीण होती, नवऱ्याला शांतपणे चार शब्द सुनावणारी होती. पुढच्या दहा-पंधरा वर्षांतल्या कितीतरी पडद्यावरच्या आया या एका आईवर बेतलेल्या आहेत. तेव्हा आईची भूमिका 'मिळत गेली' असं म्हणू नका. ती भूमिका त्यांनी बदलून टाकली.

'सलमानची आई' याबद्दलही थोडं. 'साजन', 'जुडवाँ', 'हम साथ साथ हैं' यांत त्या त्याच्या आई आहेत, हे खरं. पण लोक हमखास ज्या सिनेमाचा दाखला देतात त्या 'हम आपके हैं कौन'मध्ये त्या माधुरीच्या आई आहेत. सलमानच्या वहिनीची आई म्हणजे व्याहीघरची बाई. शिवाय उर्मिलाची आई 'रंगीला'त, काजोलची 'कुछ कुछ होता है'मध्ये, शाहरुखची 'येस बॉस' आणि 'कल हो ना हो'मध्ये.

आता मुख्य मुद्द्याकडे येते: 'आयुष्यभर एकच भूमिका' आणि 'मराठीने ओळखलं नाही'. हे दोन मुद्दे मजकुरात वेगळे लिहिलेले असतात, पण उत्तर एकच आहे, आणि ते आहे रंगभूमी.

१९७९मध्ये रीमाताई युनियन बँकेत नोकरीला लागल्या. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं त्या बँकेत होत्या. आंतरबँक नाट्यस्पर्धांतून कामं करत होत्या आणि व्यावसायिक नाटकंही. ज्यांनी त्या काळात मुंबईत नोकरी केली आहे त्यांना हा दिनक्रम सांगावा लागणार नाही. दिवसभर काउंटर, मग लोकल, मग तालीम, शनिवार-रविवारी प्रयोग. मराठी रंगभूमीची एक अख्खी पिढी बँका, टपाल आणि एलआयसीच्या पगारावर उभी राहिली. रीमाताई त्या पिढीतल्या. जुही चावलाची आई होण्याआधी त्या मराठी नाट्यगृहांच्या परिचयाच्या होत्या, आणि त्या ज्या भूमिकांसाठी परिचयाच्या होत्या त्यांत 'सोज्वळ आई' बसतच नाही.

जयवंत दळवींचं 'पुरुष' घ्या. विजया मेहतांचं दिग्दर्शन. नाना पाटेकरांचा गुलाबराव म्हणजे सत्ता अंगात मुरलेला पुढारी. रीमाताईंची अंबिका म्हणजे गांधीवादी मास्तरांची मुलगी, स्वतः शिक्षिका. गुलाबराव तिच्यावर बलात्कार करतो. पुढे कोर्ट, वडिलांच्या तत्त्वांचं ढासळणं, आईचं जाणं, ज्याच्यावर भरवसा ठेवला त्या मित्राचं चळवळीच्या हिशेबात मागे सरणं. सगळं जग एकेका पावलाने तिच्यापासून दूर जातं. आणि शेवटी ती गुलाबरावाला गाठते. ती त्याचा जीव घेत नाही. ज्या पुरुषत्वाच्या जोरावर तो माजला होता, तेच कायमचं काढून घेते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, मध्यमवर्गीय मराठी प्रेक्षकांसमोर ही गोष्ट उभी करायची, हे काय होतं याचा जरा विचार करा. पुढच्या रांगांत सहकुटुंब आलेली माणसं, आणि समोर नाना पाटेकर. नानांसमोर उभं राहणं म्हणजे काय ते मी सांगायला नको, तो माणूस रंगमंचाची सगळी हवा शोषून घेतो. तिथे अंबिका आरडाओरडा करून टिकली नसती. माझी मावशी, तीच, मजकूर टाकणारी, मी फोनवर विचारलं तेव्हा म्हणाली, "अगं, ती शेवटी शेवटी ओरडायचीच नाही. अगदी बारीक आवाजात बोलायची. आम्ही सगळे पुढे वाकून ऐकत होतो." मग थोडं थांबून म्हणाली, "हे मी विसरलेच होते बघ."

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्यांनी पाहिलं तेही विसरायला लागले आहेत.

शेखर ताम्हाणेंचं 'सविता दामोदर परांजपे' हे दुसरं टोक. कुसुम ही संसारातली बाई, आजारपणांनी बेजार. तिच्या देहात सविता नावाची मेलेली बाई वस्तीला आहे, जिचं तिच्या नवऱ्यावर प्रेम होतं. एका अभिनेत्रीने दोन बायका करायच्या, त्याही एकाच प्रवेशात, एकाच वेशात. सिनेमात अशा जागी कट असतो, पार्श्वसंगीत असतं, डोळ्यांचा क्लोजअप असतो. नाटकात यातलं काही नसतं, अभिनेत्री असते आणि पहिल्या रांगेपासून बाल्कनीपर्यंतची शांतता. कुसुम बोलता बोलता सविता होते ती नेमकी कुठल्या शब्दावर, हे प्रेक्षकाला कळायच्या आत झालेलं असायला हवं. या नाटकावर २०१८ साली सिनेमा निघाला तेव्हा नाटक पाहिलेले कितीतरी लोक पहिल्यांदा रीमाताईंचंच नाव घेत होते. मराठीने ओळखलं नाही म्हणता, मग ही ओळख कुठली?

'घर तिघांचं हवं', 'झाले मोकळे आकाश', 'विठो रखुमाय', 'छापा काटा' ही आणखी काही नावं. हिंदीत घराघरांत पोचल्यावरही त्या नाटकाकडे येत राहिल्या, हे या यादीतून दिसतं. ज्याला मोठं व्हायला हिंदी लागलं, तो माणूस असा परत परत येत नाही.

आणि हिंदीतही सगळं गोडगोड होतं का? गोविंद निहलानींच्या 'आक्रोश'मध्ये त्या नाचणारीच्या छोट्या भूमिकेत आहेत. श्याम बेनेगलांच्या 'कलयुग'मध्ये आहेत. दूरदर्शनच्या 'श्रीमान श्रीमती'तली कोकी आणि 'तू तू मैं मैं'मधली सासू आठवा. सुप्रिया पिळगांवकरांबरोबरची ती भांडणं! विनोदाला लागतं ते टायमिंग त्यांच्याकडे असं होतं की समोरचीचं वाक्य संपायच्या आत त्यांच्या भुवईने उत्तर दिलेलं असायचं. सबंध देशाने या बाईला सासू म्हणून खदखदून हसत पाहिलं, आणि श्रद्धांजलीच्या मजकुरात त्याचा एक शब्द नाही.

पण मला बोलायचं आहे ते १९९९बद्दल. ऑक्टोबरात 'वास्तव' आला आणि नोव्हेंबरात 'हम साथ साथ हैं'. एका महिन्याच्या आत दोन आया. 'हम साथ साथ हैं'मधली ममता ही सावत्र आई आहे, मैत्रिणींनी कान भरल्यावर थोरल्याला घराबाहेर काढणारी कैकेयी. म्हणजे जिथे त्या अगदी ठरलेल्या चौकटीत दिसतात, तिथेही भूमिका सोज्वळ नाहीच. प्रेमळ बाई कशी आंधळी होते, ते त्यात आहे.

'वास्तव'ची शांता चाळीतली. नवरा पापभीरू, मुलगा रघू पावभाजीच्या गाडीवरून सुरुवात करून गुन्हेगारीत शिरलेला. सिनेमा सुरू होतो समुद्रकिनाऱ्यावर, रघूच्या वर्षश्राद्धाला. आई नातवाला बापाची गोष्ट सांगते आहे. शेवटही किनाऱ्यावरच. पन्नास तोळ्यांची साखळी घालून मिरवणारा रघू आता भेदरून गेला आहे, भास होताहेत, पोलीस मागे आहेत. तो आईकडेच सुटका मागतो आणि ती गोळी झाडते.

मी तेव्हा कॉलेजात होते. थेटर भरलेलं होतं, संजय दत्तच्या प्रत्येक वाक्याला शिट्ट्या चालल्या होत्या. त्या प्रसंगाला एक शिट्टी नाही. मी तो प्रसंग नंतर पुष्कळदा पाहिला. दर वेळी मी संजय दत्तकडे बघायचं ठरवते आणि नजर शांताकडेच जाते. हंबरडा सगळ्यांना येतो. हिच्या चेहऱ्यावर गोळी झाडण्याआधीचे जे काही क्षण आहेत त्यांत निर्णय घेतला जातो, आणि तो आपल्याला दिसतो: ही आता ऐकणार नाही, ही आता मुलाचं मागणं पुरवणार आहे, लहानपणी पुरवलं तसंच. तेरा महिन्यांनी लहान असलेल्या नटाकडे बघून हे आणायचं. अंबिका बारीक आवाजात बोलत होती, शांताचंही तसंच आहे. 'पुरुष' न पाहिलेल्या माणसाला मी 'वास्तव'चा शेवट बघायला सांगते.

'मैंने प्यार किया', 'आशिकी', 'हम आपके हैं कौन' आणि 'वास्तव' या चार सिनेमांसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर नामांकन मिळालं. पुरस्कार एकदाही नाही. मोठं करणाऱ्या हिंदीचा हिशेब हा असा आहे.

आणि शेवटची भूमिका. १८ मे २०१७ रोजी पहाटे मुंबईत हृदयविकाराने त्या गेल्या, ५९ पूर्ण व्हायला महिनाभर होता. आदल्या दिवशी त्या 'नामकरण' या हिंदी मालिकेच्या चित्रीकरणाला होत्या. त्यातली त्यांची दयावंती मेहता नावाप्रमाणे मुळीच नव्हती. हट्टी, करारी, नातीलाही न मानणारी, घर आपल्या मुठीत ठेवणारी बाई. त्या १७ तारखेला मेकअप करून त्या सेटवर गेल्या होत्या त्या ही बाई उभी करायला.