नव्या ‘स्टार ट्रेक’वर नाक कसं मुरडावं

समजा, तुम्ही ‘स्टार ट्रेक’चे, म्हणजे त्या तारायानातल्या सफरींच्या मालिकेचे, जुने भक्त आहात. अमेरिकेत 1966 ते 1969 अशी जेमतेम तीन वर्षं चाललेली मूळ मालिका तुम्ही ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवर पाहिलीत. तिच्या 79 भागांपैकी निम्म्यांची तरी कथा तुम्हाला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते. आणि चारचौघांत कुणीतरी सहज विचारतं, “तो 2009 चा नवा सिनेमा कसा वाटला हो? दिग्दर्शक जे. जे. अब्रॅम्सचा?”

इथेच माणसं घसरतात. “मजा आली” असं पटकन बोलून जातात. मजा प्रेक्षकाला येते. भक्ताने आधी एक लांब उसासा सोडायचा, चष्मा काढून पुसायचा आणि म्हणायचं, “सिनेमा म्हणून ठीक आहे. पण ते स्टार ट्रेक नाही.” या वाक्याला उत्तर नाही. पुढे कुणी काही विचारलंच, तर हेच वाक्य जरा हळू आवाजात पुन्हा म्हणायचं.

मत बनवायला चित्रपट पाहायची गरज नसते, ते ट्रेलरवरच झालेलं असतं. तरीही तिकीट पहिल्या दिवसाचं काढा. तिटकारा पक्का बसायचा तर एकदा पाहून भागत नाही, दोन-तीनदा जावं लागतं. या चित्रपटाने जगभरात 38 कोटी डॉलरच्या वर धंदा केला. त्यातला काही गल्ला नक्कीच अशा दुखावलेल्या मंडळींनी भरला असणार.

आता मुद्द्यांची तयारी. सुरुवात इंजिनरूमपासून करा. नव्या एंटरप्राइज जहाजाच्या इंजिनरूमचं चित्रण कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइस इथल्या बडवायझरच्या कारखान्यात झालं. हे तुम्हाला कळलं त्या दिवसापासून तुम्हाला पडद्यावर इंजिन दिसत नाही, फक्त बिअरच्या टाक्या दिसतात. असं म्हणताना आवाज थोडा कापला पाहिजे. तेविसाव्या शतकातलं तारायान, ताऱ्यांमधून प्रकाशापेक्षा वेगाने जाणारं, आणि त्याच्या पोटात काय, तर बिअर! छे छे.

मात्र यावर कुणी आगाऊपणे मूळ मालिकेतल्या डॉक्टर मॅकॉयच्या उपकरणांचा विषय काढला, तर सावध व्हा. 1966 साली मालिकेच्या एका भागासाठी नव्या धाटणीच्या मीठदाण्या विकत आणल्या होत्या. त्या इतक्या वेगळ्या दिसायच्या, की प्रेक्षकांना मीठदाण्या म्हणून ओळखूच येणार नाहीत अशी भीती वाटली. मग पडद्यावर साध्या मीठदाण्या दाखवल्या आणि त्या देखण्या मीठदाण्या डॉक्टरच्या हातात शस्त्रक्रियेची अवजारं म्हणून गेल्या. पेशंटच्या छातीवरून मीठदाणी फिरवायची, की निदान झालं. हे तुम्ही सांगताना तुमच्या चेहऱ्यावर कौतुक दाटून आलं पाहिजे. काय कल्पकता! काटकसरीतून केवढी कला! मीठदाणी ही प्रतिभा आणि बिअरची टाकी हा भ्रष्टाचार. हा फरक ज्याला समजावून सांगावा लागतो, त्याच्याशी बोलूच नये.

विज्ञानाचंही तसंच. ‘रेड मॅटर’ नावाच्या लाल द्रवाच्या एका थेंबाने कृष्णविवर तयार होतं, यावर तुम्ही भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकासारखे संतापा. मूळ मालिकेत जहाजावरचा अर्धा परग्रहवासी अधिकारी स्पॉक याचा मेंदू चोरीला जातो, मेंदूविना त्याचं शरीर रिमोटवर चालवत नेतात, आणि शस्त्रक्रिया अर्धवट झालेली असताना स्पॉक स्वतःच डॉक्टरला पुढची नस कुठे जोडायची ते सांगतो. दुसऱ्या एका भागात अब्राहम लिंकन अवकाशात खुर्चीवर बसून तरंगत येतो. ही उदाहरणं तुम्हाला आठवत नाहीत. कुणी आठवण करून दिलीच, तर “तो काळ वेगळा होता” म्हणा आणि चहा मागवा.

सगळ्यात मोठा घोळ मात्र काळाच्या फाट्यांचा, आणि इथे जरा बैठक मारून बसावं लागेल. इतर लोक जुनी मालिका नव्याने काढतात तेव्हा सरळ पाटी पुसून मोकळे होतात. या लेखकांनी तुमच्या धाकाने केवढा खटाटोप केला पाहा. 2387 सालातला निरो नावाचा सूडाने पेटलेला रोम्युलन (ही परग्रहावरची एक जमात) कृष्णविवरातून 2233 सालात येऊन पडतो, येताक्षणी ‘केल्व्हिन’ हे जहाज उडवतो, त्यात एंटरप्राइजचा भावी कॅप्टन कर्क याचा बाप मरतो, आणि तिथून इतिहासाला वेगळा फाटा फुटतो. म्हणजे तुमचा जुना कर्क, जुनं जहाज, सगळं त्यांच्या जागी शाबूत. हे जे चाललंय ते शेजारच्या विश्वात. वर या बदलाला साक्षीदार म्हणून मूळ मालिकेतले स्पॉक, खुद्द लिओनार्ड निमॉय, म्हातारा स्पॉक होऊन पडद्यावर आले. वाटण्यांचे कागद करताना वकीलसुद्धा इतकी काळजी घेत नाही.

यावर तुमची प्रतिक्रिया काय हवी? “आमचा सगळा इतिहास पुसून टाकला!” समोरच्याने समजावलं, की काहीच पुसलेलं नाही, तो दुसरा फाटा आहे, तर लगेच दुसरं टोक पकडा: “मग याला काही अर्थच नाही, खऱ्या विश्वात तर हे घडलंच नाही.” पुसलं तरी गुन्हा, नाही पुसलं तरी गुन्हा. (माझ्या मते ही युक्ती बेमालूम होती आणि निमॉय दिसले तेव्हा भल्याभल्यांचे डोळे भरून आले. पण हे लेखी कुठे देऊ नका.)

अब्रॅम्सनी पडद्यावर जागोजागी प्रकाशाच्या तिरिपा मारल्या, त्यासाठी चित्रीकरण चालू असताना कॅमेऱ्याच्या भिंगावर टॉर्च मारत माणसं उभी होती. याबद्दल फार बोलायचं कारण नाही, नुसतं डोळ्यांवर हात धरला की पुरतं.

2013 चा दुसरा भाग म्हणजे तर तुमची दिवाळी. खलनायक म्हणजे मूळ मालिकेतलाच खान आहे हे अख्ख्या जगाने ओळखलं होतं, तरी निर्माते “छे, तो जॉन हॅरिसन” म्हणत राहिले. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते किती! त्याच ऑगस्टमध्ये लास वेगसच्या संमेलनात जमलेल्या चाहत्यांनी हा चित्रपट सगळ्या स्टार ट्रेकपटांत तळाला टाकला आणि 1999 च्या ‘गॅलक्सी क्वेस्ट’ या विडंबनपटाला त्याच्या पुष्कळ वर बसवलं. आपली टिंगल करणारा परवडला, पण आपली सेवा करणारा नको, असा तो कौल.

या चित्रपटाबाबत एक तक्रार मात्र अगदी रास्त आहे. खान नूनियन सिंग हे पात्र 1967 साली पहिल्यांदा आलं, तेव्हा तो उत्तर भारतातला, बहुधा शीख, असं मालिकेतच म्हटलं होतं. भूमिका केली मेक्सिकोच्या रिकार्डो मोंताल्बान यांनी. 2013 साली तोच खान गोरापान इंग्रज बेनेडिक्ट कंबरबॅच झाला. उलट 1979 च्या पहिल्या चित्रपटात मुंबईची, 1965 ची मिस इंडिया पर्सिस खंबाटा मोठ्या भूमिकेत होती, त्यासाठी तिने डोक्यावरचे सगळे केस उतरवले. पण ती झाली परग्रहावरची इलिया. म्हणजे मुंबईची मुलगी परग्रहावरची आणि उत्तर भारतातला खान दरवेळी कुठला तरी दुसराच. हा मुद्दा खरा आहे, म्हणूनच तो यादीत शेवटी ठेवा. जहाजाच्या मागच्या नळकांड्यांचा आकार चुकलाय, गणवेशाचा निळा रंग फिका झालाय, हे आधी तासभर बोलून घ्या. तोवर ऐकणारा उठून गेलेला असेल.

तुमच्या या बाण्याला परंपरा आहे, तेव्हा लाजू नका. 1982 च्या चित्रपटात स्पॉक मरणार अशी कुणकुण लागली तेव्हा चाहत्यांनी आकाशपाताळ एक केलं होतं. आज तोच चित्रपट देव्हाऱ्यात आहे. त्यात खान एंटरप्राइजवरच्या चेकॉव्ह या अधिकाऱ्याला बघताक्षणी ओळखतो, पण खान पहिल्यांदा आला त्या 1967 च्या भागात चेकॉव्ह मुळात नव्हताच! ही चूक सावरायला भक्तांनीच सांगून टाकलं, की तो जहाजावर होता, फक्त कॅमेऱ्यापुढे आला नव्हता. 1987 साली नवी मालिका आली तेव्हा कर्क नाही, स्पॉक नाही, आणि कॅप्टन कोण तर एक टकलू, फ्रेंच नावाचा, इंग्रजी ढंगात बोलणारा, म्हणून बोटं मोडली गेली. त्या टकलूबद्दल आज कुणी वाकडा शब्द काढून दाखवा.

2016 चा तिसरा भाग सगळ्यात अवघड, कारण तो तुमच्या मनासारखा निघाला. ट्रेलरमध्ये मोटरसायकल आणि दणदणीत गाणं पाहून तुम्ही हवा तेवढा आरडाओरडा करून घेतलात. पण प्रत्यक्षात चित्रपट जुन्या मालिकेच्या वळणाचा होता. तिघा-चौघांनी एकत्र अडकावं, थट्टामस्करी करावी, मॅकॉयने स्पॉकवर खेकसावं, अगदी मागितलं होतं तसं. अशा वेळी काय करावं? घरी बसावं. तिन्ही भागांत सगळ्यात कमी कमाई याचीच झाली. त्यानंतर चौथ्या भागाच्या घोषणा अनेकदा झाल्या, चित्रपट काही आला नाही.

2017 पासून नव्या मालिकांचा सपाटा लागला आहे आणि तिथे तुमची खरी गरज आहे. त्यांना नावं ठेवायची तर तुलनेला काहीतरी जुनं लागणार, आणि अब्रॅम्सचे चित्रपट आता पुरेसे जुने झालेत. तेव्हा आजपासूनच थोडा सराव करा. प्रकाशाच्या तिरिपांना “त्या काळची शैली” म्हणा. ख्रिस पाइनच्या कर्कबद्दल बोलताना “शेवटचा खरा कॅप्टन” हे शब्द जिभेवर बसू द्या. आणि व्हॅन नाइसच्या त्या कारखान्याचा विषय निघाला, की चष्मा पुसत म्हणा, “अहो, तेव्हा खऱ्याखुऱ्या टाक्यांमध्ये चित्रण करायचे. आता सगळं संगणकावर.”