गुरुजींना रडका म्हणणाऱ्यांनो

आज ११ जून. साने गुरुजींचा स्मृतिदिन. सकाळी आमच्या खानदानाच्या ग्रुपवर मी गुरुजींचा फोटो टाकला, खाली दोन ओळी लिहिल्या आणि डबे भरायला लागले. परत येऊन बघते तर नात्यातल्याच एका शिकल्यासवरलेल्या, चांगल्या पगाराच्या माणसाने लिहिलेलं, "ज्याने स्वतःच जीव दिला त्याचा कसला आदर्श? या रडक्या माणसाने महाराष्ट्राच्या दोन पिढ्या नेभळट केल्या." त्यावर चार जणांचे हसणारे इमोजी. एकाने तर रुमालाचं स्टिकर.

ग्रुपवर काही बोलले नाही, कारण तिथे वडीलधारे आहेत आणि मला जे बोलायचंय ते तिथे मावणार नाही. म्हणून इथे लिहितेय. लांब होणार आहे.

पहिलं म्हणजे हे रडकेपणाचं. हो, गुरुजी रडायचे, त्यांना ओळखणाऱ्या सगळ्यांनी ते लिहून ठेवलंय आणि त्यांच्या पुस्तकात पानोपानी पाणी आहे. पण रडणारा माणूस म्हणजे हिंमत नसलेला माणूस हे कुणी ठरवलं? कुठल्या शाळेत शिकलात हे?

मी शिकले त्या शाळेचं सांगते. आमचं गाव सांगोला-मंगळवेढ्याच्या पट्ट्यातलं, म्हणजे पाऊस आला तर आला. गावच्या हायस्कूलला आम्हाला मराठी शिकवायला एक सर होते. नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. हे सर वर्गात 'श्यामची आई'मधला उतारा वाचताना रडायचे. खरोखर रडायचे, चष्मा काढून धोतराच्या सोग्याने डोळे पुसायचे आणि पुढची ओळ वाचायला घ्यायचे. मागच्या बाकावरची पोरं हुंदक्यांची नक्कल करायची. सरांना ऐकू यायचं, पण एकदाही कुणाच्या अंगावर छडी उचलली नाही.

मग दुष्काळाचं साल आलं. टँकर यायचा आणि त्याचं पाणी गावच्या विहिरीत सोडायचे. कप्पीवर दोर टाकून पोहऱ्याने ते शेंदायचं काम ठरलेल्या दोन-तीन घरांकडे असायचं, त्यातलं एक घर आमचं. पोहरा माझ्या थोरल्या चुलत्यांच्या, आप्पांच्या हातात असायचा. गावातल्या बायका कठड्याला घागर टेकवून पाणी घ्यायच्या. बौद्धवाड्यातल्या बायका मात्र खाली, चार हात लांब उभ्या. त्यांना पाणी वरून ओतायचं, पोहऱ्याचा काठ घागरीला लागता कामा नये. आता वरून ओतलेलं पाणी किती घागरीत जाणार आणि किती मातीत? निम्मं मातीत जायचं. दुष्काळात, टँकरच्या पाण्याचं! माणसं थेंबाथेंबासाठी भांडत होती, पण शिवू नये म्हणून अर्धा पोहरा सांडलेला चालत होता. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही, मी आठवीतली पोरगी, जन्मापासून तेच बघत आलेली.

एक दिवस सर आले. पितळेची घागर, बुडाला चेपलेली. आले ते सरळ खालच्या रांगेत जाऊन उभे राहिले, त्या बायकांच्या मागे. आप्पा म्हणाले, "सर, तुमी हिकडं या की वर." सर म्हणाले, "असू द्या आप्पा. नंबर आला की मलाही वरूनच ओता, जसं यांना ओतता तसं." आणि उभे राहिले. डोळ्यांतून पाणी चाललेलं. पुसलंसुद्धा नाही.

हे डोक्यात ठेवा, मी परत इथे येणार आहे.

आता गुरुजींकडे. १९४६ साली त्यांनी जाहीर केलं की पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं झालं पाहिजे, नाहीतर मी उपोषणाला बसतो. काँग्रेसमधल्या मोठ्या लोकांनी सांगितलं घाई नको, आधी लोकमत तयार करा. बरं म्हणाले. आणि काही महिने सबंध महाराष्ट्र पिंजून काढला. सेनापती बापट बरोबर, सेवादलाचं कलापथक बरोबर, गावोगाव सभा. पंढरपूरच्या आधी कितीतरी गावांतली देवळं आणि विहिरी या दौऱ्यातच खुल्या झाल्या. विहिरी सुद्धा, हे लोक विसरतात.

मग १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषण सुरू. बसायला जागा द्यायला गाव तयार नव्हतं, शेवटी तनपुरे महाराजांच्या मठात जागा मिळाली. बाहेर घोषणा काय, "जाव साने भीमापार, नहीं खुलेगा विठ्ठलद्वार". मे महिना, पंढरपूरचं ऊन, आणि हा किरकोळ अंगाचा माणूस दहा दिवस अन्नाशिवाय. त्यात गांधीजींची तार आली की उपोषण सोडा. त्यांच्यापर्यंत चुकीची माहिती गेली होती. विचार करा, ज्या माणसाच्या शब्दावर तुम्ही नोकरी सोडलीत, तुरुंगात गेलात, तोच माणूस सांगतोय थांबा. गुरुजी थांबले नाहीत. आदराने कळवलं आणि उपोषण चालू ठेवलं. नेभळट माणूस गांधींना नाही म्हणतो का हो? आपल्यातले किती जण साध्या मॅनेजरला नाही म्हणू शकतात?

१० मेला बडव्यांची संमती मिळाली, दादासाहेब मावळंकर मध्ये पडले होते, उपोषण सुटलं. पुढे कायद्याचे सोपस्कार होऊन दार उघडलं.

यातली एक गोष्ट मला झोपू देत नाही. मंदिर खुलं होणार म्हटल्यावर विरोधकांपैकी काहींनी म्हणे मूर्तीतलं चैतन्य मंत्र म्हणून एका घागरीत काढून घेतलं, म्हणजे आत उरला तो नुसता दगड, त्याला कुणीही शिवा. पंढरपुरात आजही ही गोष्ट सांगतात. श्रद्धा म्हणून तुम्हाला काय मानायचं ते माना. पण अठ्ठावीस युगं विटेवर उभा असलेला देव, आणि माणसाचा हात लागला की त्याचं चैतन्य जातं? ज्या चोखोबाला त्या देवळात पाऊल टाकू दिलं नाही, जो आमच्या मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंतीखाली गाडला गेला, त्याच्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू येत होतं आणि त्यावरूनच नामदेवांनी ती ओळखून पंढरीला आणली अशी कथा आपणच पिढ्यान् पिढ्या कीर्तनात ऐकतो ना? मग चैतन्य कुठे असतं ते वारकऱ्यांनी कधीच सांगून ठेवलंय. ते मेलेल्या मजुराच्या हाडात असतं. घागरीत भरून ठेवता येत नाही.

घागर म्हटलं की मला सरांचीच दिसते.

सर रोज यायचे. किती दिवस ते आठवत नाही. आप्पांनी पहिल्या दिवशी त्यांना पाणी ओतलंच नाही, पोहरा कठड्यावर ठेवून घरी निघून आले आणि सगळ्यांचंच पाणी अडलं. लोक सरांवर चिडले. मास्तर नाटक करतंय, मास्तरला पुढारी व्हायचंय. पोरं तर विहिरीवर येऊन त्यांच्यासमोर हुंदके काढून दाखवायची. सर दुसऱ्या दिवशी परत रांगेत. ना भाषण ना घोषणा. डोळ्याला पाणी, हातात घागर. आमच्या आप्पांचा आवाज असा की शिवारात हाक मारली तर वेशीत ऐकू यायची, आणि त्या आप्पांना या माणसापुढे बोलायला तोंड फुटेना.

मी त्याच आप्पांच्या घरात वाढलेय. ताकद म्हणजे काय ते रोज बघत वाढलेय. म्हणून सांगते, त्या विहिरीवर ताकदीचा माणूस एकच होता आणि तो रडत होता.

आता काही मित्र म्हणतील, आणि म्हणायलाच पाहिजे, की मंदिरप्रवेशाने दलितांच्या पोटात काय पडलं? बाबासाहेबांनी १९३० साली काळारामाचा सत्याग्रह सुरू केला, तो पाच वर्षं चालला, लोकांनी मार खाल्ला, दार उघडलं नाही, आणि शेवटी बाबासाहेबांनी तो रस्ताच सोडला. मग एका ब्राह्मणाने दहा दिवस उपाशी राहून श्रेय घेतलं का? बरोबर आहे. श्रेयाचा हिशेब चुकीचा मांडला जातो, मान्य. गुरुजींचं लिखाण काही वेळा फार पाघळतं हेही मान्य, माझी मुलगी दोन प्रकरणांपुढे जात नाही. पण हे म्हणणारे आणि सकाळचे रुमालवाले एकाच माळेत ओवू नका. बाबासाहेबांच्या बाजूने बोलणाऱ्याला न्याय हवाय. रुमालवाल्याला फक्त हसायचंय.

आणि ते "स्वतःच जीव दिला" वगैरे. याचा मला खरा संताप आलाय, आता टाइप करताना परत येतोय. ११ जून १९५० ला गुरुजींनी स्वतःचं आयुष्य संपवलं, पन्नास वर्षांचे होते. का, ते ठरवायचा अधिकार ना तुम्हाला ना मला. एरवी मेंटल हेल्थवर पोस्टी टाकता, "बोलत राहा, मी ऐकतोय" म्हणून स्टेटस ठेवता, आणि जो माणूस दुसऱ्यांचं ऐकत ऐकत आत एवढा थकला, त्याच्या मरणावर रुमालाचं स्टिकर? माणसाने शेवटी हार खाल्ली की आधीचं सगळं रद्द होतं का? तो धुळ्याच्या जेलमध्ये बसून विनोबांची गीतेवरची प्रवचनं भराभर उतरवून घेणारा माणूस रद्द? त्यांनी ती उतरवली नसती तर ते पुस्तक आज घराघरात नसतं. अमळनेरच्या वसतिगृहात मुलं बाहेर गेली की त्यांच्या खोल्या झाडणारा, कपडे धुऊन टाकणारा, अंथरुणांच्या घड्या घालणारा शिक्षक रद्द? गांधींचा खून झाल्यावर ज्याला वाटलं की हे आपल्या मातीत घडलं आणि ज्याने एकवीस दिवस उपास केला, तो रद्द?

थांबते जरा. चहा ठेवते.

हां. थोडी शांत झालेय. मला वाटतं त्या माणसाचा दोष नाही, त्याला सांगितलंच गेलंय तसं. जिकडे तिकडे तेच चाललंय. ऑफिसात ट्रेनर येतो, स्क्रीनवर डोंगराच्या टोकावर हात पसरून उभा असलेला एकटा माणूस दाखवतो आणि म्हणतो ही माणसाची जिद्द. देवळात गेलं तर डीजे लावून छाती काढून नाचणारे म्हणतात ही भक्ती. राजकारणात जो घसा फोडतो तो खंबीर. सगळीकडे दुसऱ्यापेक्षा वर जाणं, मोठा आवाज, कोरडे डोळे. गुरुजींकडे हे काहीच नव्हतं. त्यांचं पुस्तक, त्यांचा देव आणि त्यांचं राजकारण यात मला तरी एकच माणूस दिसतो, दुसऱ्याचं दुखलं की ज्याला राहवत नाही असा. नाशिकच्या जेलमध्ये १९३३ च्या फेब्रुवारीत त्यांनी त्या आईच्या आठवणी चार-पाच दिवसांत लिहून काढल्या, बरेच दिवस कोंडलेलं असणार. आणि चौदा वर्षांनी तोच मऊपणा घेऊन ते मठात उपाशी बसले. हे दोन गुरुजी वेगळे नाहीत. तो मऊपणा काढून टाका, उपोषण उरतच नाही.

हे मला कळलं ते पुस्तकातून नाही. गेल्या दिवाळीत गावी गेले होते. आप्पा आता थकलेत, पडवीत खाटेवर असतात, ऐकू कमी येतं. मी मुद्दाम विषय काढला, म्हटलं ते मराठीचे सर आठवतात का, विहिरीवर यायचे ते? आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत, मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग म्हणाले, "त्यो मास्तर वराडला असता तर मी बी वराडलो असतो. शिव्या दिल्या असत्या तर दोन ठेवून दिल्या असत्या. पर रडतंय म्हटल्यावर माणसानं करायचं काय?"

शेवटी आप्पांनी नाही, माझ्या चुलतीने केलं ते. एक दिवस तिने आप्पांच्या हातातून दोर घेतला, खाली उतरली आणि पोहरा बौद्धवाड्यातल्या एका म्हातारीच्या घागरीवर टेकवून सावकाश रिकामा केला. काठाला काठ लागल्याचा आवाज झाला. थेंब सांडला नाही. नंतर सरांच्या घागरीत. नंतर पुढच्या. आप्पा बघत राहिले. घरी आल्यावर भांडण झालं, मोठं झालं, चुलती दोन दिवस जेवली नाही. पण पोहरा परत वर गेला नाही.

सरांची पुढच्या जूनमध्ये बदली झाली. कुणी करवली ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे. जाताना त्यांना पोचवायला एसटी स्टँडवर बौद्धवाडा झाडून सगळा आला होता आणि आमच्या आळीतून फक्त चुलती.

तर आता एक काम करा. गुरुजींचा १९४६-४७ चा दौरा तुमच्या गावात, तालुक्यात आला होता का, कुठलं देऊळ, कुठली विहीर तेव्हा खुली झाली, घरात नव्वदीच्या आसपासचं कुणी असेल तर त्यांना आजच विचारा, ती माणसं आता हाताच्या बोटांवर राहिलीत. गावाचं नाव, तालुका आणि काय सांगितलं ते खाली लिहा. खुली झाली आणि पुन्हा बंद झाली असेल तर तेही लिहा, लपवू नका. आमच्या गावात गुरुजी आले नव्हते. आमची विहीर सत्तेचाळीस साली खुली झाली नाही, त्यानंतर चाळीस वर्षांनी झाली, चुलतीच्या हातून. तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही म्हणून मी इथे लिहिणार होते, पण तिला फोन केला तर म्हणाली, "माझं नको, मास्तरचं लिव्ह."

ते नको म्हणतात, ही नको म्हणते.