‘अरुशाच्या न्यायालयाला मानवी हक्कांचा अधिकारच नाही’: अर्धे खरे विधान

टांझानियातील अरुशा येथे असलेल्या पूर्व आफ्रिकी समुदायाच्या (त्या भागातील देशांच्या संघटनेच्या) न्यायालयाविषयी एक विधान वारंवार फिरते: त्याला मानवी हक्कांचे खटले चालवण्याचा अधिकार नाही, तिथे जाण्याआधी देशातील सर्व न्यायालये पालथी घालावी लागतात आणि निकाल मिळालाच तर तो कागदावरच राहतो.

पहिल्या भागाला आधार आहे. समुदायाच्या 1999 च्या संस्थापना कराराच्या कलम 27(2) नुसार मानवी हक्कांचा न्यायाधिकार पुढे वेगळ्या करारपत्राने द्यायचा होता, आणि 2013 मध्ये न्यायाधिकार वाढवण्याचे ठरले तेव्हा त्यात व्यापार व गुंतवणूक आली, मानवी हक्क मात्र आले नाहीत. पण ‘म्हणून अधिकारच नाही’ हा निष्कर्ष 1 नोव्हेंबर 2007 च्या काटाबाझी निकालापुढे टिकत नाही. युगांडात देशद्रोहाच्या आरोपातील 14 जणांना नोव्हेंबर 2005 मध्ये जामीन मिळाला. त्याची कागदपत्रे तयार होत असतानाच सशस्त्र जवानांनी उच्च न्यायालयाला वेढा घातला आणि आरोपींना पुन्हा तुरुंगात नेले. अरुशाच्या न्यायाधीशांनी स्पष्ट केले की मानवी हक्कांचा वाद म्हणून आम्ही हे प्रकरण ऐकणार नाही, परंतु हक्कभंगाचा आरोप आहे एवढ्याचसाठी कराराचा अर्थ लावण्याचे कामही सोडणार नाही. कायद्याचे राज्य हे कराराचे मूलतत्त्व असल्याने त्याचा भंग झाला, असा निर्णय त्यांनी दिला. म्हणजे मर्यादा विषयाला नाही, प्रश्न कसा मांडला जातो त्याला आहे. (वकिलांना हा फरक लगेच कळतो, विधान पुढे पाठवणाऱ्यांना तो दिसत नाही.)

दुसरा भाग सरळ चुकीचा आहे, कारण देशांतर्गत उपाय संपवण्याची अट या करारात नाही. ती आफ्रिकी मानवी हक्क न्यायालयाची अट आहे आणि तेही अरुशातच असल्याने बहुधा गल्लत होत असावी.

निकाल बहुतांशी घोषणात्मक असतात, म्हणजे करारभंग झाला एवढे जाहीर करतात, हे मान्य. तरी कलम 38(3) प्रमाणे त्यांची विनाविलंब अंमलबजावणी करणे सदस्य देशावर बंधनकारक आहे, आणि 2015 मध्ये बुरुंडीच्या वृत्तपत्र कायद्यातील काही तरतुदी करारविरोधी ठरवताना न्यायालयाने याच कलमाकडे बोट दाखवले.

खरी अडचण या विधानात येतच नाही. ती याचिका दाखल करण्यासाठी कलम 30(2) ने घातलेली दोन महिन्यांची मुदत आहे. केनियातील माउंट एल्गन परिसरातील कथित छळ व हत्यांविषयीची याचिका 2010 मध्ये दाखल झाली. हक्कभंग अजून चालूच आहे, म्हणून मुदत संपलेली नाही, हा युक्तिवाद याच न्यायालयाच्या अपील विभागाने 15 मार्च 2012 रोजी फेटाळला, आणि छळ झाला की नाही या प्रश्नापर्यंत खटला पोहोचलाच नाही.