पांडवलेणी पांडवांची नाहीत. कोणाची, ते भिंतीवरच कोरलंय

आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांबद्दल एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. वनवासात पांडवांनी ही लेणी एका रात्रीत कोरली, कोंबडा आरवला म्हणून काम अर्धवट राहिलं, आतल्या मोठ्या मूर्ती त्यांच्याच, आणि भिंतीवरची लिपी आजवर कोणाला वाचता आलेली नाही, असं त्यात म्हटलंय. नाशिकची शिकलीसवरलेली माणसंही तो पुढे पाठवतात, म्हणून हे लिहितोय.

आधी लिपीचं बघू. ती ब्राह्मी आहे आणि जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्येच ती उलगडली. भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर, सेनार या अभ्यासकांनी इथले लेख वाचले आणि ते छापूनही आले. भाषा बहुतेक प्राकृत आहे. डोंगराचं नावसुद्धा त्यात मिळतं: त्रिरश्मी.

आता पांडव. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, गेल्यानंतर, नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी, या आईने हा विहार, म्हणजे भिक्षूंचं राहायचं लेणं, भद्रायणीय या बौद्ध पंथाच्या भिक्षूंना दिला. मुलाचं वर्णन करताना ती म्हणते, त्याचा पराक्रम राम, केशव, अर्जुन आणि भीमसेन यांच्या तोडीचा होता. म्हणजे अर्जुन आणि भीम या डोंगरावर आहेतच, पण उपमा म्हणून! लेणं कोरणाऱ्यांसाठीही ते जुन्या कथांमधले वीर होते. पांडवांचा मान राखायचा तर ही ओळ दाखवावी; बलश्रीचं दान त्यांच्या नावावर करू नये.

एका रात्रीची गोष्ट तर टिकतच नाही. एकोणिसावं लेणं सातवाहन राजा कृष्णाच्या काळातलं, म्हणजे इसवी सनापूर्वीचं. विसावं यज्ञश्री सातकर्णीच्या सातव्या वर्षी, महासेनापती भवगोपाची बायको वासू हिने पूर्ण करवलं. मधे किमान दोन शतकं जातात. पुढे सहाव्या शतकाच्या सुमारास तेच लेणं आणखी मागे खोदून आत बुद्धाची भव्य मूर्ती कोरली गेली. नंतर अकराव्या लेण्यात जैन मूर्तीही आल्या. एकामागून एक पिढ्या इथे राबत होत्या.

त्या बुद्धमूर्तीलाच धर्मराज म्हणून दाखवलं जातं. पाय खाली सोडून बसलेली मूर्ती, हात धर्मचक्रमुद्रेत, म्हणजे उपदेश करतानाच्या मुद्रेत, दोन्ही बाजूंना चामरधारी. ओळखायला याहून जास्त काय लागतं?

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते दहावं लेणं. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने ते दिलं आणि भिक्षूंच्या खर्चाची सोयही लावली. जवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघाकडे, २००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. वर्षाचे २४० होतात. वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, प्रत्येकी १२. हिशोब तंतोतंत जुळतो! पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने अशाच ठेवी ठेवल्या, आजारी भिक्षूंच्या औषधासाठी. त्यातले ५०० कार्षापण तेल्यांच्या श्रेणीकडे होते. पावसाळाभर माणसं राहत, आजारी पडत, औषध घेत, असा हा मठ होता. शेजारच्या बाजारपेठेचा पैसा त्याला पोसत होता.

"एवढं काम साध्या माणसांच्या हातून कसं होईल?" हाही प्रश्न त्या मजकुरात असतो. अठराव्या लेण्याच्या, म्हणजे चैत्यगृहाच्या (प्रार्थनेच्या लेण्याच्या), दर्शनी भागावर त्याचं उत्तर आहे. तिथे कोणा राजाचं नाव नाही. नाशिकजवळच्या धंभिक गावाने ते दान दिलं, असं कोरलंय. गावाने वर्गणी काढावी आणि श्रेय भीमाने घ्यावं, हे मला तरी पटत नाही.