प्रोटोटाइपमध्ये व्हेरिएबल कशासाठी: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

प्रोटोटाइपमध्ये, म्हणजे अॅप बनवण्याआधी चालवून पाहायच्या नमुन्यात, व्हेरिएबल (बदलते मूल्य धरून ठेवणारी जागा) वापरून माहिती साठवण्यावर मी लेख लिहिला. त्यावर आपल्या दोन हरकती आहेत. प्रोटोटाइप हे चित्र असते, त्यात व्हेरिएबल घालून माहिती साठवणे म्हणजे प्रोग्रामरचे काम अर्धेमुर्धे करणे, त्यापेक्षा प्रत्येक स्थितीसाठी वेगळी फ्रेम, म्हणजे पडद्याचे (स्क्रीनचे) वेगळे चित्र काढावे, ही पहिली. आणि प्रोटोटाइप पुन्हा सुरू करताच ती माहिती पुसली जात असल्याने ‘साठवणे’ हा शब्दच चुकीचा, ही दुसरी.

दुसरी मला पूर्ण मान्य आहे. फिग्मा या रचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोटोटाइप चालू असताना बदललेले मूल्य तेवढ्यापुरतेच टिकते आणि मूळ फाइलला धक्का लागत नाही. ‘तात्पुरते लक्षात ठेवणे’ अशी दुरुस्ती लेखात केली आहे.

पहिली मात्र पटत नाही. लेखातले उदाहरण चवथीआधी फोंड्यातल्या दुकानात माटोळीच्या (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या आराशीच्या) सामानाची आगाऊ नोंदणी करण्याचे होते. नारळ, सुपारीचे घड आणि केळ्यांचे घड, प्रत्येकी 0 ते 5 एवढीच मुभा ठेवली तरी 216 स्थिती होतात, आणि ‘घरपोच हवे की नको’ हे जोडले की 432. इतक्या फ्रेम कोणी काढत नाही. चार-पाच काढतो आणि चाचणीला बसलेल्या माणसाला आपल्याच वाटेने नेतो. व्हेरिएबल वापरले, तर संख्येची तीन, हो-नाहीचे एक आणि पडदा एकच, एवढ्यावर भागते.

शेजारच्या काकी चाचणीला बसल्या तेव्हा नारळ नको म्हणून त्या वजाचे बटण दाबत राहिल्या आणि आकडा -1 झाला. “म्हणजे हा नारळ मी दुकानदाराला द्यायचा?” त्यांनी विचारले. मूल्य 0 पेक्षा जास्त असेल तरच एक वजा कर, ही अट मी विसरलो होतो. ती लगेच घातली. पण त्यातूनच खरा प्रश्न पुढे आला, की शून्यावर आलेली वस्तू यादीत राहावी की निघून जावी? हा प्रश्न प्रोग्रामरचा नव्हे, रचनाकाराचा आहे, आणि स्थिर चित्रांत तो मला दिसला नसता. साठा, पैसे भरणे, डेटाबेस यांना प्रोटोटाइप हातही लावत नाही.

ही पद्धत नवीही नाही. फिग्मात व्हेरिएबल 2023 साली आली, पण अॅक्शर या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एका पानावरचे मूल्य दुसऱ्या पानावर नेण्याची सोय त्याआधीपासून होती.

आपण सुचवलेली वेगळ्या फ्रेमची पद्धत मी नोंदणीच्या पावतीसाठी अजूनही वापरतो, कारण तिथे आकडा नव्हे, सगळी मांडणीच बदलते.