योनाथान कुणाच्या बाजूचा?

ताईचा फोन रविवारी येतो, तिची उपासना आणि जेवण आटोपल्यावर. तेव्हा इकडे जर्मनीत, श्टुटगार्टला आमचा नाश्ता चाललेला असतो. गेले काही रविवार विषय एकच आहे. ठाण्यातल्या त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पालकांची बैठक झाली आणि मुलांची मैत्री कुणाशी असावी यावर वाद पेटला. काहींचं म्हणणं, मुलं शाळा-क्लासात दिवसभर बाहेरच्यांतच असतात, निदान जिवलग मित्र तरी आपल्या विश्वासातला, म्हणजे ख्रिस्ती हवा. बाकीचे म्हणतात, घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये ख्रिस्ती घरं दोन, मग पोरानं खेळायचं कुणाशी? ताई पहिल्या बाजूची. बायबलमधल्या करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रातलं, विश्वास न ठेवणाऱ्यांशी 'विजोड होऊ नका' हे वचन तिनं मलाही ऐकवलं. वर टोमणा, "तुमचं काय बाबा, तिकडे सगळं मोकळं."

मोकळं कुठलं? इथे धर्म हा सरकारी शाळेतला रीतसर विषय आहे, तोही संविधानाने दिलेला. कॅथलिक मुलं एका वर्गात बसतात, प्रोटेस्टंट दुसऱ्या. नको असेल त्याला नीतिशास्त्राचा तास, आणि चौदाव्या वर्षापासून ते मूल स्वतः ठरवतं. चर्चचा कर सरकारच वसूल करतं, आमच्या राज्यात आयकराच्या ८ टक्के. एवढं सगळं असूनही रविवारी आमच्या चर्चमधले बहुतेक बाक रिकामे असतात. लेकीला बायबलमधल्या दावीद-योनाथानाच्या मैत्रीच्या धड्यात चांगले गुण मिळाले. गुण मिळाले आणि वही मिटली.

आमच्या कळव्याच्या चाळीत वही नव्हती. दिवेलागणीला बाबा पवित्र शास्त्र उघडायचे, आई गीत धरायची आणि शेजारचा बंड्या डोळे उघडे ठेवून 'आमेन' म्हणायचा, कारण नंतर चहा-खारी असायची. बाबांच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यात रात्री जागायला तोच बंड्या होता. ताईला हे माहीत आहे. वादात मात्र तिला ते आठवत नाही.

घरात शिकवायचं असेल तर गोष्टी नीट वाचाव्यात, एवढंच माझं म्हणणं. योनाथान शौल राजाचा मुलगा. बाप ज्याच्या जिवावर उठलाय त्या आपल्या मित्राला, दावीदाला तो बाण मारायच्या खुणेनं सावध करतो. दावीद जगला तर गादी आपल्या हातून जाणार, हे कळत असूनही. 'आपल्या माणसांत राहा' हा धडा त्यातून कसा काढायचा? सासूची साथ न सोडणारी रूथ तर मवाबी, परकी. कफर्णहूमात छप्पर उकरून पक्षाघाती माणसाला येशूपुढे खाली सोडणारे चौघे कोण, कुठले, हे शुभवर्तमान लिहिणारा मार्क सांगतही नाही. येशूला त्यांचा विश्वास दिसला, एवढं मात्र सांगतो.

आणि लांब कशाला, ठाण्याचंच घ्या. १३२१ साली तिथे फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाचे चार धर्मबंधू मारले गेले. त्यांच्यासोबत आलेला जॉर्डन हा डॉमिनिकन, म्हणजे दुसऱ्या संघाचा. तो गुजरातच्या वाटेवर होता म्हणून वाचला. पुढे निघून गेला असता तर त्याला कोण विचारणार होतं? तो मागे फिरला आणि सोबत्यांना सोपाऱ्याला नेऊन त्यानं माती दिली. मासुंदा तलावाला शेकडो चकरा मारून मोठा झालो, पण ही गोष्ट मला संडे स्कूलमध्ये कुणी सांगितली नाही. परदेशात आल्यावर वाचली, याची थोडी लाजच वाटते.

ताईची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. संगत लागते, आणि इथे तर मैत्री टिकवायचीच पंचाईत. चौथीनंतर मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटणी होते. माझी लेक गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत गेली, तिची बालवाडीपासूनची तुर्की मैत्रीण दुसऱ्या शाळेत. यंदा वाढदिवसाच्या यादीत त्या मैत्रिणीचं नाव नव्हतं. "ती कुणालाच ओळखत नाही, पप्पा. बोअर होईल." मी रागावलो नाही. त्या रात्री बायबलमधल्या शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा नववा अध्याय काढला. योनाथान मेलाय, दावीद राजा झालाय आणि विचारतोय, शौलाच्या घरचं कुणी उरलंय का? योनाथानाचा पायाने अधू मुलगा मफीबोशेथ सापडतो, आणि तो कायमचा राजाच्या पंगतीला जेवतो.

लेक जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तोपर्यंत मफीबोशेथ मोठा झालेला. दावीदानं एवढी वर्षं विचारलं का नाही?"

मला उत्तर सुचलं नाही. खरं तर हा प्रश्न मला आजवर पडलाच नव्हता.

परवा रविवारी ताईला हे सांगितलं. ती म्हणाली, "अरे, पण मुसलमान ना ती?" मी हो म्हटलं. पलीकडे बराच वेळ भांड्यांचाच आवाज येत होता. मग तिनं विचारलं, "मग तिला चालेल असं काय केलंस खायला?"

केलं काहीच नव्हतं. पण शनिवारी सुपरमार्केटात लेक जेलीच्या गोळ्यांपुढे दहा मिनिटं उभी होती. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचायची, कशात डुकराचं जिलेटिन आहे ते बघायची आणि एकेक पाकीट परत ठेवायची.